"एकदा मिलिटरी रूलच पाहिजे" असं मुलं म्हणाली तर काय सांगाल?



"या देशाला ना, एकदा पाच-दहा वर्षं मिलिटरी रूलच पाहिजे. सगळे सुतासारखे सरळ होतील!"

हे वाक्य तुम्ही कधी ऐकलं नसेल असं होणारच नाही. एसटीची वाट बघताना, लग्नाच्या पंगतीत, खड्ड्यात गाडी आदळल्यावर, तहसील कार्यालयात दाखल्यासाठी चौथी चक्कर मारताना कोणीतरी हे म्हणतंच. मोठी माणसं बोलून मोकळी होतात. मुलं मात्र ऐकतात, लक्षात ठेवतात आणि एक दिवस नागरिकशास्त्राच्या तासाला हात वर करून तेच वाक्य आपल्यालाच ऐकवतात.

अशा वेळी आपण काय करतो? कोणी दटावतं, "असं बोलू नये, आपल्याकडे लोकशाही आहे." कोणी हसून मान डोलावतं. माझ्या मते दोन्ही चूक. मुलाची तक्रार खरी असते, त्याने सांगितलेलं औषध चुकीचं असतं. तक्रार दाबली तर मुलाला वाटतं लोकशाही म्हणजे पुस्तकातली खोटी गोष्ट. मान डोलावली तर औषधही बरोबर आहे असं तो धरून चालतो. म्हणून या प्रश्नाला नीट, इतिहासाच्या आधाराने उत्तर द्यायला हवं. आणि त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. आपल्या बरोबरच स्वतंत्र झालेल्या शेजाऱ्याकडे बघू या.

पहिली अकरा वर्षं

पाकिस्तान आणि भारत ऑगस्ट १९४७ मध्ये एका दिवसाच्या अंतराने स्वतंत्र झाले. कायदे तेच ब्रिटिशांचे, नोकरशाही त्याच मुशीतली, सैन्यातले अधिकारी एकाच छावणीत शिकलेले. मग अकरा वर्षांनी तिथे लष्कराने सत्ता हातात घेतली आणि इथे घेतली नाही, असं का?

पाकिस्तानला सुरुवात कठीण मिळाली हे आधी मान्य करायला हवं. अविभाजित हिंदुस्थानच्या सैन्याचा सुमारे एक तृतीयांश वाटा त्यांच्याकडे गेला, पण ते सैन्य पोसायला लागणारं उत्पन्न त्या मानाने फारच कमी होतं. सुरुवातीच्या वर्षांत केंद्राच्या खर्चातला निम्म्याहून अधिक पैसा संरक्षणावर जात होता. शाळा, दवाखाने, निर्वासितांची घरं यांना उरलंसुरलं. त्यात ११ सप्टेंबर १९४८ रोजी जिना गेले आणि १६ ऑक्टोबर १९५१ रोजी पंतप्रधान लियाकत अली खान यांची रावळपिंडीत भर सभेत हत्या झाली. दोन्ही मोठे नेते चार वर्षांत गेले.

पण कठीण सुरुवात आणि वाईट कारभार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लियाकत अलींनंतरच्या सात वर्षांत पाकिस्तानने सहा पंतप्रधान पाहिले. त्यातले चुंद्रीगर तर दोन महिनेही टिकले नाहीत. आपली संविधान सभा तीन वर्षांच्या आत संविधान देऊन मोकळी झाली, त्यांना १९५६ साल उजाडावं लागलं. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे या अकरा वर्षांत देशभरात एकही सार्वत्रिक निवडणूक झाली नाही.

आता यातली एक घटना वर्गात सांगण्यासारखी आहे. एप्रिल १९५३. पंतप्रधान ख्वाजा नाझिमुद्दीन यांच्या सरकारने नुकताच अर्थसंकल्प मंजूर करून घेतला होता, म्हणजे सभागृहात बहुमत होतं. तरी गव्हर्नर जनरल गुलाम मोहम्मद यांनी त्यांना घरी बसवलं. कारण काय दिलं? अन्नटंचाई आणि कायदा-सुव्यवस्था सांभाळायला हे सरकार अपुरं पडतंय. त्यांच्या जागी कोण आलं? वॉशिंग्टनमध्ये राजदूत असलेले मोहम्मद अली बोगरा. लोकांनी निवडलं नाही, सभागृहाने मागितलं नाही, वरून आणून बसवलं.

टंचाई होती हे खरंच होतं. पण बघा, कारभार वाईट आहे हे कारण देऊन सभागृहाला बाजूला सारता येतं, हा धडा इथे पहिल्यांदा गिरवला गेला. आणि तो गिरवणारे हात लष्कराचे नव्हते, मुलकी होते. (मुलकी म्हणजे लष्करी नसलेला, नागरी कारभार. हा शब्द मुलांना जरूर सांगा. महसूल खात्याच्या जुन्या कागदांतून तो आपल्या परिचयाचा आहे.)

पुढच्या वर्षी पूर्व बंगालात प्रांतिक निवडणूक झाली. ज्या मुस्लिम लीगने पाकिस्तान मिळवलं, तिला तिथे जेमतेम दहा-एक जागा मिळाल्या. लोकांनी स्पष्ट निकाल दिला. नवं सरकार साधारण दोन महिन्यांत केंद्राने बरखास्त केलं. ऑक्टोबर १९५४ मध्ये संविधान सभाच विसर्जित झाली, तीही मसुदा पूर्णत्वाला आला असताना. सभेचे अध्यक्ष मौलवी तमीझुद्दीन खान न्यायालयात गेले. सिंधच्या न्यायालयात जिंकले, पण १९५५ मध्ये न्यायमूर्ती मुनीर यांच्या फेडरल कोर्टाने तो निकाल फिरवला.

लष्कराला आधी बोलावणं गेलं

लष्कर एका रात्रीत बराकीतून उठून सचिवालयात जात नाही. त्याला वाट दाखवली जाते.

मार्च १९५३ मध्ये लाहोरमध्ये अहमदिया पंथाविरुद्ध दंगली पेटल्या. प्रांतातल्या नेत्यांनी त्या वेळीच आवरल्या नाहीत. शेवटी शहर लष्कराच्या ताब्यात दिलं, मार्शल लॉ लागू झाला. दंगल तर थांबलीच, पण पुढच्या सुमारे दोन महिन्यांत लष्कराने लाहोरमध्ये स्वच्छतेची मोहीमही काढली. लोक खूश झाले. जे नगरपालिकेला जमलं नाही ते जवानांनी करून दाखवलं!

इथे थांबून मुलांना विचारा, लोकांनी यातून काय शिकायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय शिकले? नगरपालिका का काम करत नाही, हा खरा प्रश्न होता. तो कोणी विचारला नाही. लोकांच्या मनात एवढंच राहिलं की गणवेशवाला आला की काम होतं. आणि लष्करातल्या अधिकाऱ्यांच्याही मनात तेच राहिलं.

१९५४ मध्ये पुढची पायरी आली. सरसेनापती अयूब खान गणवेशात असतानाच संरक्षणमंत्री झाले. ज्याच्यावर मंत्र्याने लक्ष ठेवायचं तोच मंत्री. मग लक्ष कोण ठेवणार? आपल्याकडे म्हणतात ना, कुंपणानेच शेत खाल्लं. पण इथे शेताच्या मालकानेच कुंपणाला आत बोलावून विळा हातात दिला होता.

ऑक्टोबर १९५८

सप्टेंबर १९५८ मध्ये पूर्व पाकिस्तानच्या विधिमंडळात सदस्यांची हाणामारी झाली. तीत जखमी झालेले उपसभापती शाहिद अली दगावले. याहून वाईट दृश्य कोणत्या लोकशाहीत असेल? पुढच्याच वर्षी पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती. ती झालीच नाही. ७ ऑक्टोबर १९५८ रोजी अध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी संविधान रद्द केलं, विधिमंडळं आणि पक्ष बरखास्त केले आणि मार्शल लॉची सूत्रं अयूब खान यांच्याकडे दिली. तीन आठवडेही झाले नाहीत, २७ ऑक्टोबरला अयूब खान यांनी मिर्झांनाच दूर केलं. मिर्झा लंडनला गेले ते कायमचे. ज्याने दार उघडलं तोच आधी घराबाहेर पडला.

लोक रस्त्यावर उतरले का? नाही. बहुतेकांना हायसं वाटलं. रोज भांडणाऱ्या, पक्ष बदलणाऱ्या, आपण कधी निवडूनच न दिलेल्या सरकारसाठी कोण रडणार? आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात निकाल दिला की यशस्वी झालेली क्रांती हाच नव्या कायद्याचा पाया असतो. म्हणजे बंड फसलं तर गुन्हा, जमलं तर कायदा!

मग कारभार सुधारला का?

मुलं हा प्रश्न विचारतील आणि त्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. काही गोष्टी झाल्या. साठच्या दशकात पाकिस्तानची अर्थव्यवस्था वाढली, मंगला धरण झालं, इस्लामाबादची नवी राजधानी उभी राहू लागली. हे लपवू नका. मुलांना नंतर कुठेतरी वाचायला मिळालं की आपल्यावरचा विश्वास उडतो.

पण तक्रार करायची कुठे? ती सोय राहिली नाही. पूर्व पाकिस्तान म्हणत होता की आमचा पैसा पश्चिमेकडे जातो. निवडून आलेलं सभागृह असतं तर ही ओरड तिथे झाली असती, तडजोडी झाल्या असत्या. लष्करी राजवटीत ती साचत गेली. मंत्रिमंडळ वाईट असेल तर ते पडतं. सेनापती वाईट निघाला तर त्याला पाडणार कोण? १९६९ मध्ये लोक रस्त्यावर उतरले तेव्हा अयूब खान गेले, पण जाताना स्वतःच केलेल्या संविधानाप्रमाणे सभागृहाच्या अध्यक्षाकडे सत्ता न देता त्यांनी ती दुसऱ्या सेनापतीकडे, याह्या खान यांच्याकडे दिली.

नोव्हेंबर १९७० मध्ये पूर्व पाकिस्तानला भीषण चक्रीवादळाचा तडाखा बसला. लाखो माणसं मेली. मदत उशिरा आणि अपुरी पोचली. म्हणजे वाईट कारभार हटवायला आलेल्या राजवटीचाच कारभार असा निघाला. पुढच्या महिन्यात, स्वातंत्र्यानंतर तेवीस वर्षांनी, देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. अवामी लीगला स्पष्ट बहुमत मिळालं. ते मानलं गेलं नाही. मार्च १९७१ मध्ये लष्करी कारवाई सुरू झाली आणि डिसेंबरमध्ये देशाचे दोन तुकडे झाले.

एवढ्यावर हे थांबलं नाही. १९७७ मध्ये निवडणुकीत गैरप्रकार झाल्याच्या आरोपावरून आंदोलन पेटलं, तेव्हा जनरल झिया नव्वद दिवसांत निवडणुका घेतो म्हणून आले आणि मरेपर्यंत, म्हणजे अकरा वर्षं राहिले. १९९९ मध्ये मुशर्रफ आले. आजवर पाकिस्तानच्या एकाही पंतप्रधानाने पाच वर्षांची मुदत पूर्ण केलेली नाही. एका निवडून आलेल्या सरकारने मुदत संपवून दुसऱ्या निवडून आलेल्या सरकारकडे सत्ता देण्याचा प्रसंग तिथे पहिल्यांदा आला तो २०१३ मध्ये.

याचं कारण समजायला अवघड नाही. राज्य चालवणं हे सवयीने येणारं काम आहे. पक्ष बांधणं, हरणं, हरल्यावर विरोधात बसणं, पुन्हा लोकांपुढे जाणं हे करत करतच शिकता येतं. दर दहा वर्षांनी कोणी येऊन पाटी पुसली तर अक्षर सुधारणार कसं? मग पुढचं मुलकी सरकार पुन्हा कच्चंच असतं आणि त्याचा कच्चेपणा दाखवून पुन्हा लष्कर येतं. वाईट कारभारातून लष्करी सत्ता आणि लष्करी सत्तेतून पुन्हा वाईट कारभार, असं हे रहाटगाडगं आहे.

आपला कारभार चांगला होता म्हणून आपण वाचलो का?

इथे आपली पाठ थोपटून घेण्याचा मोह होतो. तो टाळा. १९६२ मध्ये आपण युद्धात हरलो. साठच्या दशकात रेशनच्या रांगा लांबत गेल्या. १९७२ चा महाराष्ट्रातला दुष्काळ तर आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आजही आठवतो. खडी फोडायची कामं आणि परदेशातून आलेला मिलो. मुलांना सांगा, आजोबांना विचारून या.

मग तेव्हा लोकांनी काय केलं? मोर्चे काढले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. दुष्काळी कामांची मागणी गावागावांतून झाली, विधिमंडळात सरकारला धारेवर धरलं गेलं. आणि १९७७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला. हाल झाले, पण त्या हालांमधून कायदा निघाला, कारण ओरडणाऱ्याला ऐकणारं सभागृह होतं आणि त्या सभागृहाला पुन्हा मतं मागायला यायचं होतं.

राष्ट्रीय पातळीवरही तेच. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे सतरा कोटी मतदारांची नावं यादीत होती, त्यातले बहुतेक निरक्षर. तेव्हापासून लोकांना एक गोष्ट कळली की राग आला तर पाच वर्षांनी दाखवता येतो. लष्कराबाबतही सुरुवातीलाच काळजी घेतली गेली. तिन्ही दलांच्या सेनापतींना बरोबरीचं स्थान मिळालं आणि १९५५ मध्ये सरसेनापती हे पदच बंद झालं. पूर्वी सरसेनापतीचं निवासस्थान असलेल्या दिल्लीतल्या तीन मूर्ती भवनात लोकांनी निवडून दिलेले पंतप्रधान राहू लागले.

१९७५ च्या आणीबाणीत आपलाही रस्ता बंद झाला होता. निवडणूक पुढे ढकलली गेली, माणसं तुरुंगात गेली. तो काळ आपल्याला भाग्यवान समजायचं नाही, सावध राहायचं हे शिकवतो. १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि लोकांनी सरकार बदललं. लष्कर बराकीतच राहिलं.

कारण की निमित्त?

सगळ्याचं सार मला असं दिसतं. वाईट कारभार लष्करी सत्तेचं कारणही असतो आणि निमित्तही. कारण अशा अर्थाने, की लोकांचं सरकारवरचं प्रेम आटतं आणि त्याला वाचवायला कोणी पुढे येत नाही. निमित्त अशा अर्थाने, की ज्याला सत्ता हवीच आहे त्याला आयतं भाषण मिळतं. पण नुसत्या वाईट कारभाराने हे होत नाही. जगात वाईट कारभाराची सरकारं पुष्कळ, आणि त्यातली बरीच मतपेटीतून बदलली जातात. वाईट कारभार बदलायचा साधा, कायदेशीर रस्ता बंद झाला की मगच मागच्या दाराची कडी वाजते.

म्हणून "सरकार चांगलं आहे की वाईट?" याच्या जोडीने मुलांना दुसरा प्रश्न विचारायला शिकवा, "वाईट असेल तर ते बदलायचा रस्ता उघडा आहे का?"

यात आपल्या सैनिकांचा कुठेही अनादर नाही. उलट, बराकीतल्या जवानाला राजकारणात ओढलं की पहिलं नुकसान त्याच्या शिस्तीचंच होतं. सीमेवर जागणारा जवान आपल्याला प्रिय आहे, कारण तो आपला राज्यकर्ता नाही, रक्षक आहे.

शाळेत आणि घरी काय करता येईल?

दहावीच्या राज्यशास्त्रात 'भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने' हा विषय येतो. तिथे हे उदाहरण घ्या. पाकिस्तानची १९४७ ते १९५८ ही अकरा वर्षं फळ्यावर एका रेषेवर मांडा. प्रत्येक घटनेखाली मुलांना एकच ओळ लिहायला सांगा, "इथे कोणी काय वेगळं केलं असतं तर?" नाझिमुद्दीन यांना हटवलं तेव्हा बाकीच्या नेत्यांनी काय करायला हवं होतं? न्यायालयाने? वर्तमानपत्रांनी? लाहोरच्या नागरिकांनी? उत्तरं चुकली तरी चालतील. इतिहास असा आपोआप घडत नाही, प्रत्येक पायरीवर माणसांनी काहीतरी ठरवलेलं असतं, एवढं कळलं तरी पुष्कळ.

दुसरं, शाळेच्या कारभाराकडेही बघू या. वर्गप्रतिनिधी आपणच नेमतो की मुलं निवडतात? निवडला तर त्याला काही काम देतो का? काम केलं नाही तर मुलं त्याला बदलू शकतात का? वर्गात गोंधळ झाला की सगळ्यात दांडग्या मुलाला छडी देऊन उभं करणं सोपं असतं. वर्ग शांत होतोही. पण त्या दिवशी चाळीस मुलं काय शिकतात याचा विचार करा.

तिसरं पालकांसाठी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या महिला. किती ठिकाणी ही समिती खरोखर बसते आणि किती ठिकाणी वहीवर नुसत्या सह्या होतात? शाळेचं छत गळतंय तर खर्चाचा हिशोब त्या बैठकीत मागा. ग्रामसभेला जा. तुम्ही जाताना आणि भांडून का होईना, एखादं काम करून घेऊन येताना मुलाने पाहिलं, तर मिलिटरी रूलची मागणी तो सहजासहजी करणार नाही. रस्ता उघडा आहे हे त्याने घरातच पाहिलेलं असेल.

आणि एक विनंती. "सगळेच राजकारणी चोर" हे वाक्य मुलांसमोर बोलण्याआधी क्षणभर थांबा. चोर असेल त्याला नावानिशी चोर म्हणा, जाब विचारा, मत देऊ नका. पण सगळेच चोर म्हटलं की निवडायला कोणीच उरत नाही, आणि निवडायला कोणी उरलं नाही की मुलांना निवडणूकच फालतू वाटू लागते. मग ती कोणी काढून घेतली तरी त्यांना हायसंच वाटेल, १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये शेजारच्या लोकांना वाटलं तसं.